इनसोल पिशवीत घ्या, मगच दुकानात जा

सपाट तळव्यांसाठी पायाच्या साच्यावरून इनसोल (बुटात घालायच्या आधाराच्या गाद्या) करून घेतले. पळायच्या बुटात घातले की बोटं वरून दाबली जातात आणि टाच मागून निसटते. एक नंबर मोठा घेऊ का? (नाशिक)

थांबा, आधी बुटात हात घाला. कंपनीने आत दिलेली फोमची गादी बहुतेक वेळा नुसती ठेवलेली असते, फार तर टाचेशी जराशी चिकटवलेली. टाचेकडून धरून ओढली की निघते. तुमचा इनसोल तिच्या जागी बसवायचा, तिच्यावर नाही. थरावर थर चढले की पाय उचलला जातो, टाच बुटाच्या मागच्या भिंतीच्या वर येते आणि तिला धरायला काही उरत नाही. मागे एका काकांच्या बुटातून मी तीन थर काढले: कंपनीची गादी, मेडिकलमधून आणलेली सिलिकॉनची टाच आणि सगळ्यात वर इनसोल. खालचे दोन काढले, तेव्हा तेच बूट त्यांना नीट बसले.

काढलेली गादी टाकू नका. इनसोल पुढून लांब असेल तर गादी त्यावर ठेवून पेन्सिलने रेघ ओढा आणि रेघेच्या किंचित बाहेरून कापा. मात्र कमानीखालच्या कडक भागाला कात्री लावू नका.

इतकं करूनही बोटं दाबली जात असतील, तर बुटाची आतली उंची आणि रुंदी कमी पडते आहे. नंबर वाढवला की मुख्यतः लांबी वाढते. मग बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याच्या पुढे सरकते आणि पाय आत पुढे-मागे घसरतो. त्यापेक्षा रुंद बूट मागा. पुरुषांत डी ही साधी रुंदी, २ई रुंद आणि ४ई त्याहून रुंद. बायकांत बी साधी, डी रुंद. असिक्स, ब्रूक्स, न्यू बॅलन्स यांच्या काही मॉडेलांत अशा रुंदी मिळतात. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पळायचेच मोजे घाला, दोन्ही पायांत इनसोल घालून उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लाजू नका, दुकानातच चार पावलं पळून बघा.

दुकानदार म्हणतो, तळवे सपाट आहेत तर स्टॅबिलिटी बूटच घ्या. माझ्याकडे इनसोल आहेत. (ठाणे)

स्टॅबिलिटी बूट पायाला आत कलू देत नाही, पण ते काम तुमचा इनसोल करतोच आहे. तेच काम बूटही करू लागला, तर पाय गरजेपेक्षा जास्त बाहेर ढकलला जाऊ शकतो आणि घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं. म्हणून माझा कल साध्या, म्हणजे न्यूट्रल बुटाकडे. ब्रूक्सचा घोस्ट न्यूट्रल, ॲड्रेनलिन जीटीएस आधार देणारा. असिक्समध्ये निंबस न्यूट्रल, कायानो आधार देणारा. इनसोल देणाऱ्याने तुमची चाल पाहून दोन्ही एकत्र सांगितले असतील, तर मात्र त्यांचंच ऐका.

निवडलेल्या बुटात इनसोल ठेवून बोटांनी दाबून पाहा. तो डुगडुगला, तर बुटाचा तळ आणि इनसोल यांचं जमलेलं नाही, तो बूट नको. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबून पाहा, सहज चेपली तर तोही परत ठेवा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. घाट उतरताना बोटं पुढे आपटतात, नख काळं पडलं. बूट मोठे घेऊ का? (सातारा)

पुढे जागा पुरेशी असेल तर दोष लेसचा आहे. घोट्याजवळ सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, ते आपण रिकामंच सोडतो. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात ओवून छोटा फास करा, दोन्ही बाजूंना तसंच. मग प्रत्येक लेसचं टोक समोरच्या फासातून काढा, खाली ओढून घट्ट करा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची लेस सैल ठेवता येते. इनसोलमुळे पाय थोडा वर उचलला जातो, त्यामुळे तुम्हाला हे इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. नखंही आखूड ठेवा.

वडिलांना मधुमेह आहे, तळपाय बधिर वाटतात. इनसोलसह स्पोर्ट शूज चालतील का? (लातूर)

आधी त्यांचे पाय डॉक्टरांना दाखवा, मग खरेदी. बधिर पायाला बूट टोचलेला कळत नाही, म्हणून "घट्ट वाटत नाही" या त्यांच्या शब्दावर विसंबू नका. आत हात फिरवा, शिवण किंवा खडा लागतो का पाहा. पहिल्या दिवशी तासभरच, तेही घरात. बूट काढल्यावर तळवा आणि बोटांच्या फटी तुम्ही स्वतः बघा. लाली टिकून राहिली, फोड किंवा जखम दिसली, तर ते बूट घालणं लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पावसात भिजलेले इनसोल कसे वाळवायचे? (रत्नागिरी)

बुटातून बाहेर काढून, पंख्याखाली. हीटरजवळ किंवा कडक उन्हात नको, उष्णतेने त्यांचा आकार बिघडू शकतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला.