टाइप १ असलेला मुलगा होस्टेलला आहे, त्याला ऑनलाइन डायबेटिस कोच लावावा का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून कळलं ते असं: मुलगा १८चा, टाइप १ डायबेटिस बाराव्या वर्षापासून, आता पुण्यात इंजिनीअरिंगला. एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी शुगरची तपासणी) ७.४ होतं ते ९.१ झालं. एक ॲपवाले महिन्याची फी घेऊन व्हिडिओ कॉलवर कोच देतो म्हणतात.

लावा. पण तो त्याचा कोच असू दे, तुमचा खबऱ्या नको.

मी डायबेटिस एज्युकेटर आहे. शिकायला बाहेरगावी गेलेल्या पोरांशी फोनवर बोलणं हे माझं रोजचं काम. घरी असताना ताट आई वाढत होती, रात्रीच्या इन्सुलिनची आठवण कुणीतरी करत होतं. होस्टेलला मेसची वेळ चुकते, रात्री दोनला मॅगी होते, सबमिशनच्या आठवड्यात झोपेचा पत्ता नसतो. आकडा वर जाणं नवल नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांचा अंदाज देतं. शुगर वाढली एवढंच सांगतं, कधी आणि का ते नाही. डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीतही ते निघत नाही. दर आठवड्याच्या कॉलवर निघतं.

एका मुलाचं सांगते. अंगावर चिकटवून सतत शुगर मोजणारा सेन्सर लावलेला होता, त्याचा १४ दिवसांचा ग्राफ आम्ही दोघं स्क्रीनवर बघत होतो. रोज संध्याकाळी साडेपाचनंतर रेघ चढायची ती रात्रीपर्यंत २८०च्या आसपास. काय खातोस विचारलं तर "मेसचंच, मॅडम." मग विचारलं, साडेपाचला असतोस कुठे? टपरीवर. वडापाव आणि दोन कटिंग. आणि इन्सुलिनचं पेन? "रूमवर." पोरांसमोर टीशर्ट वर करून टोचायची लाज वाटत होती, म्हणून संध्याकाळचा डोस रोज गळत होता. आहारतक्ता कितीही चांगला दिला असता तरी इथे काही उपयोग नव्हता. आधी त्यानं रूममेटला सांगावं असं ठरलं. रूममेटनं पेन हातात घेऊन बघितलं, "दुखतं का रे?" विचारलं आणि विषय संपला. पेन बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आलं. वडापावला किती युनिट, ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं.

ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, बरं का. टेलिमेडिसिनच्या २०२०च्या नियमांनुसार फोनवरूनही औषध लिहून द्यायचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे. कोच स्वतःच्या मनानं डोस बदलायला लागला तर थांबवा. तुमच्या डॉक्टरांशी बोलायला तो तयार आहे का, हे आधीच विचारा.

"टाइप १ रिव्हर्स करू" म्हणणारा दिसला तर फोन ठेवा. टाइप १मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं नष्ट केलेल्या असतात. इन्सुलिन बंद केलं तर कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचून जिवावर बेतणं) व्हायला एक-दोन दिवस पुरतात. बरेच कोच टाइप २ आणि वजन कमी करण्याच्या कोर्समधून आलेले असतात. त्यांचं "भात बंद करा" वाढत्या वयाच्या, इन्सुलिनवरच्या पोराला लागू नाही. पारख करायला एक प्रश्न सांगते: उलट्या होतायत, जेवण जात नाही, तर इन्सुलिन बंद ठेवू का? उत्तर ताबडतोब "नाही" असं यायला हवं. बेसल, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं रोजचं लांब चालणारं इन्सुलिन, सुरूच ठेवायचं, शुगर आणि कीटोन तपासायचे, डॉक्टरांना फोन करायचा. इथे जो अडखळला तो बाद.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. सेन्सरचे आकडे वडिलांच्या मोबाइलवर दिसायची सोय असते. रात्री अकराला "२१० का झाली? काय खाल्लंस?" असा फोन दोनदा गेला की पोरगं शेअरिंग बंद करतं, किंवा सेन्सरच लावत नाही. दोघांनी बसून ठरवा: ७०च्या खाली अलार्म वाजला आणि त्यानं फोन उचलला नाही, तरच तुम्ही रूममेटला फोन करायचा. कॉलवर काय बोलणं झालं ते कोचनं तुम्हाला सांगायचं नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो मुलाला पहिल्याच दिवशी माहीत हवा.

त्या रूममेटला पाच मिनिटं शिकवायला मात्र कोचला जरूर सांगा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही शुगर फार उतरल्याची लक्षणं दिसली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थेट हॉस्पिटल.

आणखी एक, पेन बिघडलं की मुलं मेडिकलमधून मिळेल ती सिरिंज आणतात. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनची आणि मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनची, अशा दोन्ही सिरिंज मिळतात. पेनच्या काडतुसातलं १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजनं खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीचपट जातो. पहिल्याच कॉलला हे विचारणारा कोच मला आवडेल.

फीचं म्हणाल तर वर्षाचं पॅकेज घेऊ नका, एक महिना बघा. शुगर तपासायच्या स्ट्रिपा किंवा सेन्सरचे पैसे कापून फी भरावी लागत असेल तर कोच राहू दे. तुमच्या डॉक्टरांकडे एज्युकेटर आहे का विचारा; पुष्कळ ठिकाणी त्या व्हॉट्सॲपवर बोलतात, वेगळे पैसेही घेत नाहीत.