शिकार एकाची, मांस सगळ्यांचं

प्रश्न : चिंपांझीही मांस वाटून खातात म्हणे. मग माणसाच्या वाटपात वेगळं काय?

उत्तर : चिंपांझी बहुधा मागितल्याशिवाय देत नाही, समोरचा हात पसरून बसतो, तेव्हा कुठे एखादा तुकडा सुटतो. माणूस अन्न तळावर आणतो आणि शिकारीला न गेलेल्यांनाही देतो. यामागे मोठं कारण अनिश्चिततेचं. टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या जमातीतल्या शिकाऱ्याचे 100 पैकी सुमारे 97 दिवस मोठ्या जनावराविना जातात. मिळालंच, तर जिराफ एका कुटुंबाला संपणारा नसतो. कंदमुळं भरवशाची, म्हणून त्यांचं वाटप बरंच मर्यादित राहतं.

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या जुह्वान्सी या शिकारी जमातीची पारंपरिक पद्धत तर विलक्षण आहे. तिथे मांस वाटतो तो शिकारी नव्हे, तर जनावराला पहिला लागलेल्या बाणाचा मालक. बाण एकमेकांना दिलेले असतात, त्यामुळे घरी बसलेला म्हातारा किंवा एखादी बाईही वाटपाची मानकरी ठरते. चांगल्या शिकाऱ्याचा तोरा आपोआप उतरतो.

'आज मी, उद्या तू' एवढ्यावर सगळं उलगडत नाही. सतत रिकाम्या हाती परतणाऱ्यालाही वाटा मिळतोच. पोट भरल्यावर उरलेलं मांस राखण्यासाठी भांडण्यापेक्षा देऊन टाकणं स्वस्त पडतं, हेही त्यात आलं.