सोडिअमपेक्षा क्लोरीन लहान कसा?

प्रश्न (अकरावीची विद्यार्थिनी, रावेर): सोडिअमकडे 11 इलेक्ट्रॉन आणि क्लोरीनकडे 17 असूनही क्लोरीनचा अणू लहान कसा?

उत्तर: वाढणारे इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात (केंद्रकाभोवतीच्या थरात) बसतात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. केंद्रकाची ओढ अडवण्याचे काम मुख्यतः आतली कवचे करतात; एकाच कवचातले शेजारी ती फारशी अडवू शकत नाहीत. त्यामुळे बाह्यतम इलेक्ट्रॉनाला जाणवणारा धनप्रभार सोडिअममध्ये सुमारे 2.2, तर क्लोरीनमध्ये 6.1 भरतो आणि त्रिज्या 186 पिकोमीटरवरून (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) 99 वर येते. आवर्त सारणीतल्या गणात (उभ्या स्तंभात) खाली उतरताना मात्र दरवेळी नवे कवच चढते, म्हणून अणू मोठा होतो.

प्रश्न (शिक्षक, धुळे): आयनन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) आवर्तात, म्हणजे आवर्त सारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे वाढते, तर नायट्रोजनची ऑक्सिजनपेक्षा जास्त का?

उत्तर: नायट्रोजनची 1402 आणि ऑक्सिजनची 1314 किलोजूल प्रति मोल आहे. नायट्रोजनचे 2पी उपकवचातील (दुसऱ्या कवचाच्या एका भागातील) तीन इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलांत, म्हणजे प्रत्येकी दोनच इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागांत, एकेकटे राहतात; ऑक्सिजनच्या चौथ्याला कोणाशी तरी जोडी करावी लागते, आणि त्या प्रतिकर्षणामुळे तो सहज सुटतो. आयनन ऊर्जा उजवीकडे वाढते हे दाखवायला फळ्यावर काढलेला बाण केवळ कल दाखवतो, म्हणून हा अपवाद त्याच तासाला शिकवावा, असे माझे मत आहे.

प्रश्न (विद्यार्थी, नंदुरबार): फ्लोरिन सर्वाधिक विद्युतऋण (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा), तरी इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीन जास्त ऊर्जा का सोडतो?

उत्तर: येथेही कारण दाटीचेच आहे. फ्लोरिनच्या चिमुकल्या दुसऱ्या कवचात नव्या इलेक्ट्रॉनाला अधिक प्रतिकर्षण सोसावे लागते. म्हणून फ्लोरिन 328, तर क्लोरीन 349 किलोजूल प्रति मोल सोडतो.

प्रश्न (केळी उत्पादक, यावल): सोडिअम आणि पोटॅशिअम एकाच गणातले, मग महागड्या पोटॅशऐवजी मीठ का चालत नाही?

उत्तर: या वेळचा मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच. दोन्ही धातू एकेक इलेक्ट्रॉन देतात आणि दोघांचे क्लोराइड पाण्यात विरघळते, परंतु सोडिअम आयनाची त्रिज्या सुमारे 102, तर पोटॅशिअम आयनाची 138 पिकोमीटर आहे. मुळांच्या पेशीपटलातील पोटॅशिअमच्या वाटेवर आयनाला आपले पाण्याचे वेष्टन उतरवावे लागते, आणि त्या पाण्याची जागा घेणारे ऑक्सिजन अणू पोटॅशिअमच्याच मापाने बसलेले असतात. लहान सोडिअम त्यांत नीट सामावत नाही, शिवाय आपले पाणीही अधिक घट्ट धरून ठेवतो. पिकातली अनेक विकरे (एन्झाइम) पोटॅशिअमवरच चालतात. उलट काळ्या जमिनीत सोडिअम साचला की चिकणमातीचे कण विखुरतात, निचरा बंद होतो आणि शेत चोपण बनते. क्लोराइड तर म्युरेट ऑफ पोटॅशमध्येही (पोटॅशिअम क्लोराइड खतातही) असतेच. येथे सगळा फरक धन आयनाच्या आकाराने पाडला आहे.