तान्ह्या बाळाच्या घरात कोरोना निघाला, तर आधी काय बघशील?

गावात नवीन आशा सेविका म्हणून लागलीस, आनंद वाटला गं. घाबरू नकोस. कोरोना झालेली बहुतेक तान्ही बाळं थोडा ताप, सर्दी, खोकला होऊन बरी होतात. पण दोन महिन्यांच्या आतलं बाळ बिघडलं तर झपाट्याने बिघडतं, म्हणून नजर पक्की हवी.

पहिलं काम, श्वास मोजणं. बाळ शांत असताना झबलं वर कर, पोट वर-खाली होताना बघ आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोज. तेवढेच आले तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलव.

लगेच १०८ कधी?
- दूध ओढत नाही, मलूल पडलंय
- छाती आत ओढली जातेय, कण्हतंय
- ओठ निळसर
- काखेत ३७.५ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप

जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ नुसतंच तापतं. कपडे सैल कर, थोड्या वेळाने पुन्हा माप. पण बाळ मलूल असेल तर ही वाटही बघू नकोस.

आई पॉझिटिव्ह निघाली की घरचे आधी अंगावरचं दूध तोडतात. ही सगळ्यात मोठी चूक. आईने मास्क लावावा, साबणाने हात धुवावेत आणि पाजावं. बाळाला मात्र मास्क कधीच नाही.

धुरी, वाफ, बाम, मध, घुटी काही नको. आजीबाईंना हे रागावून सांगू नकोस, शेजारी बसून सांग.