प्रार्थना यांत्रिक झाली आहे, मन लागत नाही. काय करू?

सलाम. तुम्ही लिहिलंय की जन्मापासून ख्रिस्ती आहात, रविवारची उपासना चुकत नाही, घरी रात्रीची प्रार्थनाही होते, पण दोन वर्षं झाली सगळं यांत्रिक वाटतंय. आत्मिक नवजीवन कसं मिळवायचं, असं विचारलंय.

आधी माझी एक तक्रार. यंत्राला एवढी नावं ठेवू नका, माझं पोट त्यावर आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. जुलैच्या पावसात चार दिवस शटर उघडलं नाही तर लेथच्या बेडवर तांबूस गंज धरतो. मग फडकं घेऊन घासत बसायचं (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता मिळत नाही, डिझेलवर भागवतो) आणि वर तेलाचा हात फिरवायचा. रोज फिरणाऱ्या मशीनला ही पाळी येत नाही. तुमची प्रार्थना रुक्ष तर रुक्ष, चालू ठेवा. "मनापासून नसेल तर उपयोग काय" असं सांगणारे भेटतील. मी त्यांचं ऐकलं होतं. मनापासून होईल तेव्हाच करू म्हणून प्रार्थना सोडली आणि सात महिने मन तिकडे फिरकलंसुद्धा नाही.

माझं कोरडेपण चार वर्षं चाललं. मधे एका उज्जीवन सभेला तीन रात्री गेलो. मांडव, मोठे स्पीकर, बाहेरगावचे वक्ते. तिसऱ्या रात्री हात वर करून रडलो, पुढे जाऊन गुडघे टेकले. बुधवारपर्यंत सगळं उतरलं होतं. सभा वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण आपल्याला मांडव दिसतो, त्याआधीचं काही दिसत नाही. इथल्या वाइल्डर मेमोरियल चर्चला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच जन्मला. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात १०० विद्यार्थी परदेशी मिशनकार्याला तयार झाले, त्यामागे हा रॉबर्ट होता. त्या शिबिराबद्दल सगळे बोलतात. त्याच्या आधी तो आणि त्याची बहीण घरी बसून प्रार्थना करत होते, ते कोण सांगतंय?

माझी गाठ सुटली ती बायबलातल्या स्तोत्र ३२ पाशी. नवजीवन म्हटलं की सगळे ५१ वं स्तोत्र काढतात, मीही काढत होतो, आणि ते इतकं पाठ झालं होतं की कुठे टोचतच नव्हतं. ३२ मध्ये दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्यात ओल आटावी तसा आतून आटलो. गप्प राहिलो! तोपर्यंत मी समजत होतो की देव गप्प आहे.

आता काय गप्प ठेवलं होतं ते सांगतो. धाकट्या भावाची आणि माझी सामाईक शेपर मशीन होती, वडिलांच्या वेळची. ती मी ६८ हजाराला विकली आणि भावाला ५० सांगितले. त्याच्या हातावर २५ ठेवले. म्हणजे त्याचे नऊ हजार माझ्याकडे. कारणं होती माझ्याकडे, मशीन सांभाळली मीच, ग्रीस-तेल माझंच, गिऱ्हाईक मीच आणलं. आणि गंमत बघा, दडवलेल्या १८ हजारांचाही दशमांश, १८०० रुपये, मी पाकिटात घालून चर्चला दिला होता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मी शब्बाथशाळेत पोरांना शिकवलंय.

नऊ हजार पाकिटात घालून भावाच्या घरी गेलो. देवाजवळ कबुली देऊन मोकळा होणार होतो, पण देवाचे नऊ हजार गेलेच नव्हते. दारात चपला काढताना एकदा परत फिरलोही. शेवटी बसलो, सांगितलं. तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "मला तवाच कळालंतं दादा. घेणाऱ्यानंच सांगितलं. म्हटलं बघू, दादा कधी बोलतोय." मग त्याने पैसे मोजले. दोनदा मोजले. शर्टाच्या खिशात घातले आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "चहा टाक गं."

मिठी वगैरे काही नाही. त्याच रविवारी प्रभुभोजन होतं, तेव्हाही काही उचंबळून आलं नाही. फरक पडला तो हळूहळू, आणि मला उशिरा कळला. सकाळी एक अध्याय वाचून उठायचं, ही सवय होती. महिन्याभराने एकदा वर्कशॉपवर पोचलो तर कामाचा पोरगा शटरपाशी बसलेला. म्हणाला, "मालक, आज लेट?" घड्याळ बघितलं, पाऊण तास. दुसरा अध्याय कधी सुरू केला, तिसरा कधी, आठवेना.

तुमचं कारण हेच असेल असं नाही. पाप शोधत स्वतःला उगीच खणत बसू नका. बायबलातला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याची झडती घेतली नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची ती शांत वाणी नंतरची. तेव्हा आधी बघा, झोप होते का, जेवता का. आठवडे झोप नसेल तर डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी पडत नाही.

आणि पंडिता रमाबाईंचं एक लक्षात असू द्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की धर्म सापडला, पण स्वतः ख्रिस्त अजून हवाच आहे. त्यांनीच तसं लिहून ठेवलंय. एवढी विदुषी, बाप्तिस्मा स्वतःच्या निर्णयाने घेतलेली, आणि तरी आठ वर्षं. तुम्ही-मी तर पाळण्यातच पाणी घेतलेले. जे परत मिळवायचं म्हणताय ते आधी कधी होतं का, हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. मला विचारताना भीती वाटली होती.

आज रात्री ३२ वं स्तोत्र मोठ्याने वाचा, ११ च वचनं आहेत. तिसऱ्या-चौथ्या वचनापाशी थांबा. कुणाचं नाव आठवलं तर उद्याच जा, रविवारची वाट बघू नका. मी आठवल्यावरसुद्धा दीड महिना घालवला, पैसे जुळत नाहीत म्हणून. जुळत होते.