चौथीच्या मुलांचा पहिला शोध

ताई, चौथीच्या मुलांनी स्वतः शोध घेऊन माहिती मिळवायची, हा उपक्रम छान निवडलात. सुरुवातीला विषय लहान ठेवा. 'प्राणी' किंवा 'पाणी' दिलंत की मुलं पानंच्या पानं उतरवून आणतात, कारण एवढ्यातून काय निवडायचं ते त्यांना कळत नाही. त्याऐवजी प्रश्न द्या: 'मटकीला अंधारात मोड येतात का?' रात्रभर भिजवलेले 10 दाणे उजेडात, 10 झाकलेल्या डब्यात, दोन्हीकडे ओलं फडकं. मोड आलेले दाणे रोज ठरलेल्या वेळी मोजून तक्त्यात लिहायचे. एक फडकं सुकलं तर तुलनाच फसते. बहुतेक गट इथेच चुकतात.

पुस्तकातून माहिती घेताना:
- आधी वाचायचं, पुस्तक मिटायचं, मग चिठ्ठीवर चार-पाच शब्दच. पूर्ण वाक्य लिहू दिलं की नक्कल सुरू होते.
- चिठ्ठीमागे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक.
- अकारविल्हे शोधणं आधी एक तास खेळासारखं घ्या. 'का'नंतर 'कि' येतो हे पक्कं नसेल तर मूल कोश उघडून नुसतं बसून राहतं.

मूल अडलं तर उत्तर सांगू नका, 'कुठे सापडेल?' एवढंच विचारा. आजीला विचारणं हाही शोधच, फक्त तीन प्रश्न आधी लिहून न्यायला लावा. इंटरनेट आणि सादरीकरण दुसऱ्या सत्रात बघू.