माण तालुक्यात रात्री कुत्री घेऊन सशांच्या मागावर शेतात शिरणाऱ्या शिकाऱ्यांविरुद्ध शेतकरी काय करू शकतो?

मुळात येथे प्रश्न परवानगीचा नाहीच, कारण शेतमालकाने होकार दिला तरी सशाची शिकार बेकायदेशीरच ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते, त्यामुळे ‘ससा सापडलाच नाही’ ही नेहमीची सबब टिकत नाही. बॅटरीच्या उजेडात एकट्याने त्यांना अडवू नये. वनविभागाच्या १९२६ किंवा पोलिसांच्या ११२ या क्रमांकावर कळवावे. सकाळी तुडवलेला शाळू, विस्कटलेल्या ठिबकच्या नळ्या आणि बांधावरील टायरच्या खुणा यांची छायाचित्रे घेऊन लेखी तक्रार द्यावी. संतापाच्या भरात कुत्र्यांना विष घातल्यास (असे सल्ले पारावर हमखास मिळतात) गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.